डायनाको पास-३ साठी जुने व्हॉल्व्ह: कोणते घ्यावेत?

मध्यलय

नमस्कार मंडळी. माझे मामा १९६४ साली फिलाडेल्फियात शिकायला होते. डायनाको कंपनी त्याच गावची. तिथे त्यांनी पास-३ प्रीॲम्प्लिफायरचं (टर्नटेबलचा बारीक सिग्नल वाढवून मुख्य ॲम्प्लिफायरला देणारा डबा) किट घेऊन स्वतःच्या हातानं जोडलं आणि परत येताना ते कपड्यांच्या ट्रंकेत गुंडाळून पुण्याला आणलं. मामा आता नाहीत. मामींनी तो माझ्याकडे दिला, कारण घरात एलपी ऐकणारी मी एकटीच.

वीसेक वर्षं तो कपाटात बंद होता. गेल्या महिन्यात एका दुरुस्तीवाल्यांकडून साफ करून घेतला, ११० व्होल्टचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावला आणि चालू केला. चालतो! पण टर्नटेबल लावलं की डाव्या बाजूला तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज येतो. सीडी प्लेअर लावला तर येत नाही.

आत १२एएक्स७ प्रकारचे चार व्हॉल्व्ह (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) आहेत. दोनांवर बीईएल (भारत इलेक्ट्रॉनिक्स) लिहिलंय, दोनांवरचं नाव पुसून गेलंय. एक विक्रेता टेलिफुंकन या जुन्या जर्मन कंपनीच्या जोडीचे बावीस हजार सांगतोय आणि ‘जोडी बदला, तडतड जाईल’ म्हणतोय. ब्रिटिश मुलार्ड घ्यावा असं दुसऱ्या एकांचं म्हणणं. माझं ऐकणं मुख्यतः ख्याल, थोडं नाट्यसंगीत. काय घेऊ? चूक झाली तर पैशांपेक्षा मामांच्या वस्तूला काही होईल याची धास्ती जास्त आहे.

जुनासोल्डर

ताई, आधी एक विनंती. अजून काहीही विकत घेऊ नका.

मी ठाण्यात चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले. व्हॉल्व्हचे सेट जोवर येत होते तोवर ते, मग ट्रान्झिस्टर. तडतड झाली की गिऱ्हाईक म्हणायचं ‘व्हॉल्व्ह गेला’, आणि दहातल्या सहा वेळा व्हॉल्व्ह ठणठणीत असायचा. तडतड सॉकेटच्या काळवंडलेल्या पाकळ्यांची असू शकते, सोल्डरच्या सुट्या झालेल्या डागाची असू शकते, जुन्या कार्बन रेझिस्टरची असू शकते. व्हॉल्व्ह हा त्यातला सर्वांत सहज बदलता येणारा भाग, म्हणून सगळे आधी त्याच्यावर हात टाकतात.

तुमच्या पास-३ मध्ये एक मोठी सोय आहे. फोनोच्या, म्हणजे फक्त टर्नटेबलसाठीच्या, भागात दोन व्हॉल्व्ह आहेत, एक डाव्या बाजूचा, एक उजव्या बाजूचा. लाइनच्या, म्हणजे सीडी प्लेअरही जिथून वाजतो त्या, भागातही तसंच. प्रत्येक व्हॉल्व्हच्या पोटात दोन ट्रायोड, म्हणजे आवाज वाढवणारे दोन स्वतंत्र भाग, असतात, ते दोन्ही एकाच बाजूचं काम करतात. तेव्हा फोनोच्या दोन व्हॉल्व्हची आपसांत अदलाबदल करा. तडतड उजवीकडे गेली तर दोष व्हॉल्व्हचा. डावीकडेच राहिली तर व्हॉल्व्ह निर्दोष, दोष चॅसिसमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हबाहेरच्या जोडणीत. यासाठी एक पैसा लागत नाही.

करताना मात्र जपून. वायर भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. आत तीनशे व्होल्टच्या आसपास असतात आणि कॅपॅसिटर ते धरून ठेवतात. अर्धा तास थांबा. व्हॉल्व्ह उपटू नका, हलके गोल गोल झुलवत सरळ वर काढा. आडवा जोर दिला तर पिनेजवळ काचेला केसाएवढा तडा जातो. मग हवा आत शिरते आणि डोक्यावरचा चंदेरी डाग दुधासारखा पांढरा पडतो. असा पांढरा व्हॉल्व्ह कुठेही दिसला तर तो मेलेला समजावा.

आणि ज्यांनी साफ केलं त्यांनी पॉवर सप्लायचे कॅपॅसिटर तपासले का? वीस वर्षं झोपलेला सेट थेट पूर्ण व्होल्टेजवर उठवू नये. हे बोलायला मला उशीर झालाय, पण पुढचं चालू करण्याआधी तेवढं विचारा.

कोरीपाटी

मध्येच विचारतो, माफ करा. १२एएक्स७ आणि ईसीसी८३ यांत फरक काय? दुकानात दोन्ही नावं ऐकतो. आणि ईसीसी८२ स्वस्त मिळतो, तो चालेल का?

निषाद

एकच व्हॉल्व्ह, दोन नावं. १२एएक्स७ हे अमेरिकन नाव, ईसीसी८३ युरोपीय. युरोपीय नाव वाचता येतं: ई म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर (आतली तापणारी तार), सी म्हणजे ट्रायोड, दोनदा सी म्हणजे दोन ट्रायोड, ८ म्हणजे नऊ पिनांचा तळ. ब्रिटिश लष्करी क्रमांक सीव्ही४००४ दिसला तर तोही याच कुळातला, आणि चांगला.

ईसीसी८२ चा तळ तोच, पिना त्याच, म्हणून तो सॉकेटमध्ये बसतो. बसतो म्हणजे चालतो असं मात्र नाही. ईसीसी८३ चा प्रवर्धनांक (सिग्नल किती पट वाढवू शकतो तो आकडा) १००, ईसीसी८१ चा ६०, ईसीसी८२ चा जेमतेम १७ ते २०. पास-३ चं सर्किट १०० गृहीत धरून आखलंय. तिथे २० वाला घातलात तर फीडबॅकला (बाहेर आलेल्या सिग्नलचा थोडा भाग मागे घालून चूक सुधारणं) खेळायला जागाच उरत नाही, बायस (व्हॉल्व्हची बैठी पातळी) चुकतो, आवाज दबतो.

५७५१ हा प्रकारही लोक सुचवतील. प्रवर्धनांक ७०, कुरकुर कमी. पण त्याचा हीटर १५० ऐवजी १७५ मिलिअँपिअर ओढतो आणि पास-३ मध्ये हीटर डीसीवर चालतात, साठ वर्षांच्या सेलेनियम रेक्टिफायरमधून (एसीचा डीसी करणारा भाग). त्या म्हाताऱ्यावर ओझं वाढवू नये. रशियन ६एन२पी तर अजिबात नको. तो गुणांनी ईसीसी८३ सारखा, पण हीटर फक्त ६.३ व्होल्टचा आणि नववी पिन पडद्याची. ४ आणि ५ पिनांमध्ये १२.६ व्होल्ट असलेल्या सॉकेटात तो घातला की जळालाच.

मध्यलय, फोनोच्या जागेबद्दल एक महत्त्वाचं. टर्नटेबलच्या काट्याकडून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो. शिवाय एलपी कापतानाच खर्ज कमी करून कापलेला असतो, तो फोनोच्या भागानं परत वाढवायचा. २० हर्ट्झला १००० हर्ट्झपेक्षा जवळजवळ दहापट जास्त प्रवर्धन लागतं. पास-३ हे काम फीडबॅकमधून करतो. व्हॉल्व्ह थकलेला असेल तर खर्जाच्या टोकाला त्याचा दम संपतो आणि तबल्याच्या बायाचा घुमारा पोकळ होतो. मधला आवाज मात्र ठीकच वाटत राहतो, त्यामुळे दोष लक्षात येत नाही. म्हणून चारांतले सर्वांत शांत आणि सर्वांत ताकदीचे दोन व्हॉल्व्ह फोनोत, बाकीचे दोन लाइनमध्ये. नाव कोणतं हा त्यानंतरचा प्रश्न.

न्यूजर्सीकर

मध्यलय, तुमची पोस्ट वाचून खुर्चीतून उठलोच! माझ्याकडेही पास-३ आहे, इथल्या एका गॅरेज सेलमध्ये मिळालेला.

ते नाव पुसलेले दोन व्हॉल्व्ह कृपया फेकू नका. डायनाको त्या काळी किटबरोबर बऱ्याचदा टेलिफुंकनचेच व्हॉल्व्ह द्यायची. काहींवर टेलिफुंकनचं नाव असायचं, काहींवर डायनाकोचं. छपाई इतकी कच्ची की घामेजल्या अंगठ्यानंही निघते. पण ओळख छपाईत नाहीच. व्हॉल्व्ह उलटा धरा. पिनांच्या गोलाच्या मधोमध काचेतच उठवलेला छोटासा चौकट, पत्त्यांतल्या चौकटसारखा, दिसतो का बघा. दिसला तर तो टेलिफुंकन.

मध्यलय

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसले. वायर काढून तासभर थांबले, मग टेबलावर जुनी मऊ साडी पसरली आणि चारही व्हॉल्व्ह त्यावर क्रमानं ठेवले. सॉकेटचे नंबर मामांनी चॅसिसवर पेन्सिलीनं लिहून ठेवलेत, अजून वाचता येतात.

नाव पुसलेला पहिला व्हॉल्व्ह उलटा धरला, मोबाईलचा उजेड तिरका टाकला. आधी काही दिसेना. मग जरा फिरवला तेव्हा काचेवर एक सावली हलली. तांदळाच्या दाण्याहून लहान चौकट. दुसऱ्यावरही आहे! मामांना हे माहीत असणार. मला त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

आता चाचणी. फोनोत डावीकडे बिननावाचा एक होता, उजवीकडे बीईएलचा एक. अदलाबदल केली. तडतड डावीकडेच राहिली.

जुनासोल्डर

शाब्बास. म्हणजे बावीस हजार देऊन तुम्ही जोडी बसवली असतीत आणि तडतड तशीच राहिली असती.

आता आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. दात साफ करायचा बारीक ब्रश त्यात बुडवून डाव्या फोनोच्या सॉकेटच्या नऊही पाकळ्या घासा. व्हॉल्व्हच्या पिना त्याच अल्कोहोलनं पुसा, काळपटपणा जाईस्तोवर. बीईएलच्या नावावर मात्र थेंब पडू देऊ नका, क्षणात निघून जाईल. पाकळ्या सैल झाल्या असतील तर लाकडी टूथपिकनं किंचित आत दाबा. वाळू द्या, मग लावा. तरीही तडतड राहिली तर त्या बाजूच्या अ‍ॅनोडचा रेझिस्टर (व्हॉल्व्हला मोठं व्होल्टेज पोचवणारा) संशयित. तो बदलायला जाणत्या माणसाचा हात हवा.

आणखी एक परीक्षा घ्या. सेट चालू, फोनोवर, आवाज अगदी कमी. पेन्सिलीच्या रबराच्या टोकानं प्रत्येक व्हॉल्व्हच्या काचेवर हलकी टिचकी. स्पीकरमधून बारीक ‘टुक’ आला तर चालेल. घंटेसारखा ‘टिंग’ होऊन घुमत राहिला तर त्या व्हॉल्व्हच्या आतली जाळी सैल आहे. असा व्हॉल्व्ह फोनोत ठेवायचा नाही, कारण स्पीकरच्या हादऱ्यानंच तो गायला लागतो. लाइनमध्ये तोच व्हॉल्व्ह बहुधा गपगुमान काम करतो.

बीईएलला कमी लेखू नका. बंगळुरूला १९६१ पासून भारत इलेक्ट्रॉनिक्सनं रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. माझ्या हातून त्यांचे शेकडो गेले. दिसायला साधे, छपाई वाकडी, पण काम इमानदार. आजही लॅमिंग्टन रोडच्या आतल्या गाळ्यांत किंवा बंद पडलेल्या दुरुस्तीच्या दुकानांच्या माळ्यावर न वापरलेले सापडतात. सुट्या साठ्यासाठी मी तरी तेच घेतो.

कोरीपाटी

मग लोक मुलार्ड, टेलिफुंकन यांच्यामागे एवढे का लागतात? खरंच आवाज वेगळा येतो?

न्यूजर्सीकर

माझ्या कानांना येतो. मुलार्डमध्ये गळ्याचा मधला भाग भरीव लागतो, तंबोरा मांडीवर घेतल्यासारखा जवळ. टेलिफुंकनमध्ये सगळं सुटं सुटं, जवारीतली एकेक तार मोजावी असं. पंधरा वर्षं दोन्ही आलटून पालटून ऐकतोय आणि अजून तसंच वाटतं.

निषाद

तुमच्या ऐकण्याबद्दल शंका नाही, पण कारण नावात आहे का, याची शंका आहे. मी माझ्याकडचे एकोणीस ईसीसी८३ मोजले. पुस्तकातला आकडा २५० व्होल्टला १.२ मिलिअँपिअर प्रवाह आणि १.६ मिलिअँपिअर प्रति व्होल्ट इतकी ताकद. एकाच कारखान्याच्या, एकाच खोक्यातल्या दोन व्हॉल्व्हमधला फरक कित्येकदा दोन कंपन्यांमधल्या फरकाहून मोठा निघाला. एक व्हॉल्व्ह जरा जोरात वाजला की तो ‘भरीव’ वाटतो. दोन्हींचा आवाज मीटर लावून समान करून ऐकलं, तेव्हा मला ओळखता आलेला फरक मुख्यतः हिसचा आणि घुमण्याचा होता.

त्यात पास-३ मध्ये फोनो आणि लाइन दोन्हीकडे फीडबॅक आहे. फीडबॅकचं कामच व्हॉल्व्हव्हॉल्व्हमधला फरक बुजवणं. ज्या प्रीॲम्पमध्ये फीडबॅक नाही तिथे न्यूजर्सीकरांचं म्हणणं मला जास्त पटेल.

न्यूजर्सीकर

समान करून मी कधी ऐकलं नाही, हे खरं. या शनिवारी करतो. पण जुना माल टिकतो हे तर मान्य कराल?

निषाद

चांगला असेल तर नक्कीच. त्या काळी हे व्हॉल्व्ह लाखोंनी बनत, कॅथोडवरचा लेप आणि आतली निर्वात पोकळी दोन्हींवर कडक नजर असे. अडचण आज तो माल ओळखण्याची आहे.

दोन वर्षांपूर्वी मी ऑनलाइन ‘न वापरलेला मुलार्ड’ घेतला. सुंदर खोकं, ठळक पांढरी छपाई. खरा ब्लॅकबर्नचा मुलार्ड असेल तर काचेच्या बुडाजवळ फिकट राखाडी कोरलेली दोन ओळींची खूण असते, समजा आय६३ आणि खाली बी५सी२. आय६३ म्हणजे ईसीसी८३ ची आवृत्ती, बी म्हणजे लँकेशायरमधला ब्लॅकबर्नचा कारखाना, ५ म्हणजे १९६५, सी म्हणजे मार्च, २ म्हणजे दुसरा आठवडा. नेदरलँड्समधल्या हेरलेनच्या मालावर बी च्या जागी छोटा त्रिकोण असतो. माझ्या व्हॉल्व्हवर यातलं काही नव्हतं. मोजला तर एक ट्रायोड ठीक, दुसऱ्याचा दम त्याच्या निम्म्याहूनही कमी. वापरून थकलेला, कुठलातरी, त्यावर नवं नाव छापलेला. विक्रेत्यानं पैसे परत केले नाहीत.

पूर्वीच्या युगोस्लाव्हियातल्या (आता सर्बिया) निशचे ‘एई’ कंपनीचे व्हॉल्व्हही असेच फिरतात. त्यांच्या अ‍ॅनोडच्या पट्ट्या टेलिफुंकनसारख्या गुळगुळीत, म्हणून त्यांच्यावर टेलिफुंकनचं नाव चढवून विकतात. स्वतःच्या नावानं ते चांगलेच व्हॉल्व्ह आहेत. तळाला चौकट नसते, तिथे भेद कळतो.

आणि कोरीपाटी, दुकानात चकचकीत नवा ‘मुलार्ड’ किंवा ‘टंग-सोल’ दिसला तर तो नकली नाही, पण जुनाही नाही. ही नावं एका अमेरिकन कंपनीनं घेतली आहेत आणि माल रशियातल्या सारातोव्हच्या कारखान्यात बनतो. नवीन म्हणून, नव्याच्या भावात घ्यायला हरकत नाही. स्लोव्हाकियाचा जेजे हाही असाच नवा माल.

कोरीपाटी

डोक्यावरचा चंदेरी डाग मोठा असेल तर व्हॉल्व्ह कमी वापरलेला, असं ऐकलंय.

जुनासोल्डर

त्यावर विसंबू नका. तो बेरियमचा लेप आहे, आत उरलेला वायू शोषायला. कारखान्यातच कुणावर जास्त बसे, कुणावर कमी. कडा तपकिरी, विरळ झाल्या असतील तर बराच चाललाय असा अंदाज बांधता येतो, तेवढंच. पिनांवर सॉकेटचे ओरखडे आहेत का ते बघा, ते जास्त खरं बोलतात. आणि मोजलेले आकडे द्यायला जो विक्रेता टाळतो त्याच्याकडून घेऊ नका.

मध्यलय

आज रविवार, सकाळपासून याच कामात होते.

सॉकेट घासलं. ब्रशचे केस अक्षरशः काळे झाले. तडतड नव्वद टक्के गेली! उरलेली कधीतरी एखादा दाणा फुटावा तशी, तीही सेट तापेपर्यंतच.

मग पेन्सिल. दोन्ही टेलिफुंकन नुसते ‘टुक’. बीईएलमधला एक ‘टुक’, दुसरा मात्र टिंगऽऽ, मंदिरातल्या छोट्या घंटेसारखा. तो फोनोत उजवीकडे होता. आता दोन्ही टेलिफुंकन फोनोत आणि दोन्ही बीईएल लाइनमध्ये ठेवलेत. टिंगवाल्याचा लाइनमध्ये खरंच आवाज नाही.

दुपारी मामांचीच एक एलपी लावली. विलंबितात सम येण्याआधी गवई श्वास घेतात, तो श्वास मी या एलपीवर पूर्वी ऐकला नव्हता. मामी शेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘हा असाच वाजायचा.’

दोन प्रश्न उरले. एक, प्रीॲम्पचा ट्रान्सफॉर्मर तासाभरानं बराच गरम लागतो. दोन, पाचवा व्हॉल्व्ह आहे, १२एक्स४ लिहिलेला. तोही बदलून ठेवू का?

निषाद

गरम होण्याचं एक कारण वारंवारता असेल. तो ट्रान्सफॉर्मर अमेरिकेच्या ६० हर्ट्झसाठी आखलेला, आपल्याकडे ५०. गाभ्यावरचा भार व्होल्ट भागिले हर्ट्झ असा वाढतो. १२० भागिले ६० म्हणजे २, ११० भागिले ५० म्हणजे २.२. दहा टक्के जास्त. १२० चा स्टेपडाउन घेतला असतात तर वीस टक्के झाले असते, तेव्हा ११० चाच ठेवा. हीटरला त्यामुळे आठेक टक्के कमी मिळतात, ते व्हॉल्व्हला सोसतात. रात्री घरातलं व्होल्टेज २५० च्या वर जात असेल तर मात्र पुढे स्टॅबिलायझर हवा, कारण ११० चे तेव्हा १२० होतात. हात तीन-चार सेकंदही ठेवता येत नसेल तर बंद करा आणि इथे लिहा.

जुनासोल्डर

१२एक्स४ रेक्टिफायर आहे, एसीचा डीसी करतो. चांगला असेल तर हलवू नका. कुणी ६एक्स४ देऊ केला तर घेऊ नका, त्याचा हीटर ६.३ व्होल्टचा. गाण्याचा गुण या व्हॉल्व्हमध्ये शोधायला जाऊ नका.

सुटे म्हणून दोन बीईएल माझ्याकडे आहेत, मोजलेले, दोघांचे दोन्ही ट्रायोड जवळजवळ सारखे. माझ्या मुलीकडे पुण्याला पुढच्या महिन्यात यायचं आहे, तेव्हा टेस्टरही घेऊन येतो आणि डावा अ‍ॅनोड रेझिस्टरही बघतो. तोवर तुम्ही एवढं करा: चालू केल्यावर दहा मिनिटांनी आणि तासाभरानं ट्रान्सफॉर्मरला हात लावून बघा, स्टेपडाउनच्या बाहेर मीटरवर किती व्होल्ट येतात ते सकाळी आणि रात्री दहाला लिहून ठेवा, आणि दुरुस्तीवाल्यांना फोन करून कॅपॅसिटर बदललेत का ते विचारा. बदलले नसतील तर उद्यापासून सेट लावू नका, मी येईपर्यंत.

मध्यलय

विचारलं. बदललेले नाहीत. वायर काढून ठेवली आहे, काका. तुमची वाट बघते. मामींनी जेवायला यायचं सांगितलंय.